ओटीतले चार दाणे

१० नोव्हेंबर १९५८
पोहोचले एकदाची! पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे दोन तास डोंगर. गुडघ्यांनी चांगलाच सूड उगवला. पण बदली धाकट्या बहिणीच्या वाडीत झाली, तेव्हा मास्तरणीने तक्रार करू नये. हे मुंबईला गोदीत, त्यामुळे मीही तुळसाच्या घरीच राहणार. नऊ वर्षांनी भेटली. वाळली आहे फार. माहेरच्या दासगावहून आणलेले सोडे, ती सुकी कोलंबी, नुसती हुंगत बसली. लहानपणी सावित्रीत आमची होडी उलटली, तेव्हा हिने माझी वेणी धरून ठेवली होती. केस उपटले, तिथे अजून टक्कल आहे. ते दाखवलं, तशा दोघी पोट धरून हसलो.

१४ नोव्हेंबर
तुळसाचा नवरा महिपत गिरणी सोडून आला, तो एक पंथ घेऊन. ही माणसं स्वतःला ‘मोकळे’ म्हणवतात. माहेर म्हणजे बाईच्या पायातली बेडी, असं त्यांचं मत. रोज सकाळी बायकांनी देवघरातल्या आपापल्या मडक्यापुढे बसायचं, माहेरची एक आठवण सांगायची आणि तांदळाची मूठ आत टाकायची. दिलेली आठवण पुन्हा येत नाही म्हणे. आठवण दिल्याशिवाय पानात भात नाही. तुळसा द्यायला कचरते, उपाशी राहते. म्हणून वाळली माझी बहीण! मी महिपतला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “आक्का, तुमीबी बसा. लय हलकं वाटतं.” दिवसभर चार इयत्ता एकटीने सांभाळून भांडायचं त्राण उरलं नव्हतं. पाहुणीला अट नाही. जेवले आणि आडवी झाले.

१९ नोव्हेंबर
तुळसाला आईचं नाव सांगता येईना. मी सांगू गेले, तर मलाही येईना. आईच्या तांब्यावर कोरलेलं वाचलं, तेव्हा कळलं. रंगूबाई.
तुळसा खाली बघत म्हणाली, “ते मी कालच दिलं गो आक्का. भूक लागली व्हती.”
माहेर दोघींचं एकच. तिने दिलं की माझंही जातं. तिच्यावर रागावणार तरी कशी? मी तर रोज पोटभर जेवत होते.

२४ नोव्हेंबर
विंचरताना डोक्यावर टक्कल लागलं. कसलं? मागची पानं चाळली. होडी, वेणी... अक्षर माझंच. काही आठवत नाही.
खूप थकले आहे. तुळसाकडे आता देण्यासारखं एकच उरलंय. उद्या कोणती आठवण द्यायची ते महिपतने बजावलंय : थोरली बहीण.

२५ नोव्हेंबर, सकाळ
ती अजून मडक्यापुढे बसलेली नाही. महिपत खाली पोलादपूरला गेलाय. ओटी भरायचा हक्क माहेरच्या माणसाचा. तिच्याच मडक्यातल्या तांदळाने तिची ओटी भरणार. गेलेलं परत येईल का? बघू. मग तिला घेऊन खाली उतरायचं.

२५ — दुपार
आलं! सगळं आलं. आई, होडी, वेणी. माझंही. गळ्यात पडून रडलो.
आणि उंबऱ्यापाशी ती वळली. ओटीतले चार दाणे मागे ठेवायचे, माहेर रितं होऊ नये. आईनेच शिकवलेलं. तेही तिला आठवलं, म्हणून तर — चार दाणे उचलले, सवयीने काही पुटपुटली, मडक्यात — मी हात धरला. उशीर झाला होता.
मी विचारलं, काय दिलंस? तिने माझ्याकडे बघितलं. पदर सावरला. “बाई, तुमी कुठल्या गावच्या?”

दुपारनंतर
ती एकटीच उतरून गेली. मी नाही थांबवलं. सुटली. “आईला मी एकुलतीच,” असं सांगत होती. भली वाटली बाई.

तारीख —
वहीवर नाव आहे, आनंदी. ही कोण?
एक माणूस मडक्यापुढे बसवतो, मग पान वाढतो. मला आक्का म्हणायचं त्याने सोडलंय. लय हलकं वाटतं ना, विचारतो. वाटतं —
डोक्यावर एक जागा दुखते. पाणी होतं. कुणीतरी मला घट्ट धरून ठेवलं होतं, सोडत नव्हतं, लहान हात, आणि मी तिला हाक मारत होते, तिचं नाव —