एक्केचाळीस नंबरची स्लाइड

मंगळवार, ३ मार्च
आहे. मला आहे!

दोन आठवडे खाज, जळजळ, हिरवट स्राव. अंगावर काढलं. आज दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं, तेव्हा स्वतःचाच नमुना घेतला. नमुना थंड झाला की हे जीव हलायचे थांबतात, मग ओळखू येत नाहीत. म्हणून धावतच मायक्रोस्कोपपाशी आले. ट्रायकोमोनास, संबंधातून पसरणारे जंतू. शेपट्या झटकत, गिरक्या घेत — चांगले आठ-दहा. एकोणीस वर्षं दुसऱ्या बायकांच्या स्लाइडवर बघत आले यांना. रिपोर्टात ‘आढळले’ लिहायचं आणि चहाला उठायचं.

नाव घातलं नाही. नुसता नंबर, एक्केचाळीस.

काचा धुणाऱ्या मावशींनी विचारलंच. “ताई, तोंड का उतरलंय? कुणाचं काय निघालं?”

“एक्केचाळीस नंबरचं.”

“बिचारी! नवरा भटक्या असणार.”

बुधवार, ४ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेले. “अगं, किती कॉमन आहे हे! गोळ्यांनी जातं. पण दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर फिरून तुझ्याकडेच येईल. तोवर लांब राहा. आणि दारू नको.”

कुणाकडून आलं असेल, विचारलं. “ते कसं सांगणार? कधी महिनोन्‌महिने गप्प बसतं. पुरुषांना तर बहुधा कळतही नाही.”

“टॉवेलमुळे?”

त्या गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागल्या. टॉवेलमुळे होत नाही, हे मीच आजवर कितीजणींना समजावलंय. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

गुरुवार, ५ मार्च
वाक्य पाठ केलं होतं. ‘अहो, आपल्या दोघांनाही औषध घ्यायचंय.’ एवढंच. हे लिफ्ट दुरुस्त करून आलेले, नखांत ग्रीस, गुणगुणत काकडी चिरत होते.

“काय गं? काय बघतेस?”

“काही नाही.”

विचारलं आणि ते ‘हो’ म्हणाले, तर? वीस वर्षांचा संसार. तो ‘हो’ ऐकायचा नाहीये मला.

शनिवार, ७ मार्च
केलं. चार गोळ्या कुटल्या, यांच्या कॉफीत घातल्या. वर भरपूर साखर.

“ही कॉफी आहे की औषध?” हसले. आणि प्यायले सगळी!

लॅबमध्ये संमतीची सही असल्याशिवाय मी कुणाला सुई लावत नाही. आणि घरात हे.

तरी हलकं वाटलं. त्याचीच लाज वाटते.

रविवार, ८ मार्च
हे कधी पीत नाहीत. आज दुपारी कामावरच्या जोडीदाराच्या निरोपाच्या जेवणात प्यायले, आग्रहाखातर. गोळ्यांवर दारू नको, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! उलट्या, चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय. बरोबरच्यांनी सरळ दवाखान्यात नेलं, मला फोन केला.

मी पोचले तेव्हा तिथला तरुण डॉक्टर यांना विचारत होता, “काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत? जंताच्या वगैरे?”



“घेतल्या होत्या,” हे डोळे मिटूनच म्हणाले. “पण त्याला दीड महिना झाला.” आणि नाव सांगितलं. त्याच. माझ्याच गोळ्यांचं नाव.

दीड महिना! स्वतः औषध घेऊन मोकळे, आणि मी शेजारी तशीच.

“इतक्या जुन्या गोळ्यांनी असं होत नाही,” डॉक्टर म्हणाला.

“काल सकाळी,” मी म्हटलं. “मी दिल्या. यांना न सांगता.”

यांनी डोळे उघडले. मग तोंड भिंतीकडे केलं.

मंगळवार, १० मार्च
हे आज बोलले. “तुला सांगायचा धीरच झाला नाही.” मग तुम्हाला कळलं कसं, विचारलं. त्या बाईनं फोन केला होता — ‘मला हे निघालंय, तुम्ही औषध घ्या, आणि बायकोलाही सांगा.’

माझी काळजी केली ती तिनं.