लांब छर्रा, सावकाश पीळ

बोरगाव मेघे

रूपरावभाऊजींना मनकर्णावहिनीचा नमस्कार. केळझरात सगळे बरे असाल. कमलाबाईंचा गुडघा आता वाकत असेल, असं धरून चालते.

परवा सकाळी अंगण झाडून झालं होतं, कुकरला डाळ लावली होती, आणि माळ्यावरची कोळिष्टकं काढताना तुमच्या दादांची छर्‍याची बंदूक हाती आली. तुम्ही ती भंगार म्हणून मागितली आहे, तेव्हा पुसून द्यावी म्हटलं. नळीत डोकावले तर आत पिळाच्या खाचा. (काही नळ्यांत खाचा नसतात, नळीच आतून गोलसर कोनांची, पिळलेली असते. आपली जुन्या वळणाची. हे मी ह्यांच्या पुस्तकांतून वाचलं. वेळ पुष्कळ आहे.) त्या पिळामुळे छर्रा भोवर्‍यासारखा फिरत निघतो, म्हणून सरळ जातो. लांब, जड छर्‍याला जास्त पीळ लागतो. कमी मिळाला तर तो वाटेतच कोलमडतो आणि निशाणाच्या कागदाला आडवा लागतो.

मग पीळ मोजायला बसले. नळी पुसायच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी बांधली, खूण करायला काही सापडेना, म्हणून कुंकवाची डबी उघडली. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच. गज ढकलला की खूण हळूहळू वळते. पाहत राहावंसं वाटतं. तेवढ्यात शेजारच्या अनुसयाबाई विरजण मागायला आल्या. कुंकू लावलेला गज आणि बंदूक पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. "दसरा तं दूर हाये बाई," म्हणाल्या, "पन मंतर कोनता म्हनता?" मी अर्धी गिरकी नऊ इंचांत, असं म्हटलं. त्यांनी ते दोनदा म्हटलं आणि विरजण विसरून गेल्या. डाळ करपली.

म्हणजे पूर्ण गिरकीला अठरा इंच. सावकाश पीळ. आखूड छर्‍याला पुरेसा, पण तुम्ही नागपूरहून हौसेनं आणलेल्या त्या लांब, जड छर्‍यांना नाही. तेव्हाच भोकं आडवी पडू लागली, आणि पंगतीत तुम्ही म्हणालात, "दादा, बंदूक ठेवा, वांगे खुडा. हात हालून राह्यला तुमचा." सगळे हसले. हे पण हसले. नंतर डॉक्टरांना हात दाखवून आले. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी ह्यांनी तुमचंच खरं मानलं आणि बंदूक माळ्यावर टाकली. शेवटी शेवटी चहाची कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरत.

रविवारी येऊन बंदूक घेऊन जा.

आपली,
मनकर्णावहिनी

ता. क. वर्षश्राद्धाला तीच मंडळी जेवायला असतील. दादांचा हात हलत नव्हता, एवढं तुम्ही पंगतीत उभं राहून सांगा. मी सांगितलं तर बायको बोलते म्हणतील.

पुन्हा ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. बंदूक न्यायला येऊ नका, जेवायला मात्र या. आज झाडलोट झाल्यावर मी परसात कागद लावला, बंदूक पाटावर टेकवली आणि आधी तुमचे लांब छर्रे मारले, मग ह्यांच्या जुन्या डबीतले आखूड. पुष्कळसे भिंतीला लागले. कागदाला लागले त्यांतली तुमची भोकं आडवी आहेत, ह्यांची गोल. कागद सोबत पाठवला. मग नळी पुसली आणि बंदूक ह्यांच्या खुंटीला लावली.