बांधावरची तुती आणि माझं प्रदर्शन

तीर्थस्वरूप आत्या,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. (वाकून केलाय असं समज, तू आशीर्वाद बसूनच दे.) डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? घालत नसशील तरी हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. घरातलं आहे.

तू विचारलं होतंस, प्रदर्शन कसं झालं. झालं. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यात रबराचा वास, आणि भिंतींवर आपलं गाव: टेकडी, तळं, गोठ्यामागची वाट. मधल्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र आपल्या बांधावरच्या तुतीचं. हो, त्याच तुतीचं. ती बाबांच्या हद्दीत की काकांच्या, यावरून दोघा भावांनी बोलणं टाकलं आणि मध्ये पडलीस म्हणून दोन्हीकडची बोलणी तू खाल्लीस. माझ्या मनात तसलं काही नव्हतं गं. चित्र उजवीकडे जड होत होतं, म्हणून मी झाड जरा डावीकडे सरकवलं. (चित्रकार झाडं सरकवतात, आत्या. त्याला मोजणी लागत नाही.) डावीकडे काकांचं शेत आहे, हे रंग वाळून गेले तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्घाटनाला बाबांना बोलावलं होतं. काकांना नाही, दोघांना एका खोलीत आणायची माझी छाती नव्हती. पण नेमकं तेच चित्र आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं. बाबा अजून टेकडीपाशीच रेंगाळत होते, तेवढ्यात काका जिना चढून आले, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कात्रण. मी गॅलरीवाल्या बाईंना हळूच विचारलं, दिवे घालवता येतील का. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझी पळायची वाट तेवढी बंद केली.

दोघे त्या चित्रासमोर उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. त्या अंतरात एक समीक्षक येऊन उभा राहिला. (बिचारा. खूप वाचलेला माणूस, दाढीसुद्धा अभ्यासू.) त्यानं त्या दोघांनाच समजावायला घेतलं की झाडाच्या बुंध्यालगतच्या रिकाम्या जागेत विलक्षण ताण आहे.

"रिकामी नाही ती," काका म्हणाले. "तिथं माझे कांदे असतात."

बाबा समीक्षकाकडे बघत म्हणाले की यांना सांगा, बुंध्यापर्यंत कांदा कधीच नव्हता, तिथवर आमचा भुईमूग होता. काकांनीही समीक्षकालाच कात्रण दाखवलं आणि म्हणाले, यांना म्हणावं, पोरीला कळलं ते बापाला कळत नाही. समीक्षक दोन्हीकडे मान हलवत राहिला. त्याला सुटायचं होतं, पण मागे खुर्ची आणि खुर्चीत मी. बाकीचे लोक तळं, टेकडी सोडून आमच्याभोवती जमले. बाबांच्या मानेची शीर उडायला लागली. ती उडाली की पुढे काय होतं ते तुला मी सांगायला नको.

मग बाबा माझ्याकडे वळले. आवाज जराही चढवला नाही, त्यानंच मी जास्त घाबरले.

"तू सांग. झाड कुणाच्या शेतात आहे?"

आत्या, सरकवलं म्हणाले तर काका तुटणार, नाही म्हणाले तर बाबा. आणि सगळी खोली ऐकतेय. तोंडात आलं ते बोलून गेले, आणि ते खरंच होतं.

"मला माहीत नाही. मी त्याला खालून कधी पाहिलंच नाही. मी वरच असायचे."

काकांनी मान वर करून चित्रातल्या फांद्या पाहिल्या. मग म्हणाले, वरून पडलीही होती एकदा. बाबा म्हणाले, डावा हात मोडला होता. काका म्हणाले, उजवा, मी उचललं होतं ना. बाबा म्हणाले, उचललं असशील, दवाखान्यात मी नेलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की समीक्षक केव्हाच सटकलाय आणि हे दोघे थेट एकमेकांशी बोलतायत. भांडतच, पण 'अरे-तुरे' करून. मी खुर्चीतच रडले. बाईंनी पाणी आणलं.

तेव्हापासून दोघांचा मुक्काम माझ्या एका खोलीत आहे. उठल्यापासून माझ्या हातावरून वाद. (मोडला नव्हताच, मुरगळला होता. मी गप्प आहे.) मी स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय घालून झोपते. बाकी सगळं ठीक.

तुझी भाची

ता. क. प्रदर्शन काल उतरवलं. पत्र लिहायचं खरं कारण असं, की दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालंय: ती तुती लग्नाआधी तूच लावली होतीस. तेव्हा बांधाच्या कुठल्या अंगाला लावलीस, हे विचारायला दोघे मिळून तुझ्याकडे निघालेत. माझी विनंती एवढीच की तुला काही आठवत नाही. वाद मिटला तर बोलायला त्यांच्याकडे दुसरं काय आहे?

ता. क. दुसरा. पत्र त्यांच्याच हाती देतेय, पाकीट नीट चिकटवून. वाचताना चेहरा हलू देऊ नकोस. दोघे समोर बसून बघत असतील.