वगळलेला विषय

हिंगणघाट
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

भाऊबीज करून तू इथून गेलास त्याला तीन आठवडे झाले. फोन केला की तू थंडी किती पडली ते सांगतोस, नाहीतर ईराने डबा नेला की नाही ते सांगतोस. म्हणून हे पत्र. कागदावर तुला विषय बदलता येणार नाही. शिवाय तुझ्या घरात फोनवरचे सगळे ईराच्या कानावर पडते, भाऊबीजेला ती इथे नव्हती, आणि तिला काही कळू द्यायचे नाही असे तू माझ्याकडून कबूल करून घेतले आहेस.

दात कसा आहे? यांना अजून वाईट वाटते. तू ओसरीवर कोसळलास, अंग ताठ झाले, हातपाय झटकू लागले, तेव्हा यांनी धावत जाऊन चमचा आणला आणि तुझ्या दातांत घातला. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला. मी तुझे हात दाबून धरले होते. नंतर डॉक्टरांनी सांगितले की तिघांनीही नको तेच केले. फिट आपली आपणच थांबते, आणि तुझी तशीच थांबली. आता हे जेवताना चमच्याकडे बघत बसतात. मी म्हटले, हाताने जेवा.

डॉक्टरांचे बाकीचे तुला पाठ आहे. गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, गाडी चालवायची नाही, पाण्यात आणि उंचावर एकट्याने जायचे नाही. चालायला त्यांनी मनाई केली नाही. बरोबरच्या लोकांना माहीत असू द्या, एवढे म्हणाले. तू नेमके तेवढे गाळलेस. दर रविवारी तू माणसे घेऊन टेकड्या चढतोस, त्यांत माझी लेक ईराही असते, आणि तू सगळ्यांच्या पुढे असतोस. तिथे तुला फिट आली तर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

त्यांना सांग. आणि प्रथमोपचार शिकवणारा कोणी तरी बोलाव. आमच्या शाळेत रत्नदीप म्हणून एक जण येऊन गेला, तुमच्या वर्ध्याचाच आहे. शाळेतल्या मुलींना त्याने दिवसभर जागे ठेवले, ते मला गणिताच्या तासाला जमत नाही. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

बाकी ठीक असे उत्तर पाठवू नकोस.

तुझी लाडकी आणि तेवढीच त्रासदायक,
प्रमोदिनी


वर्धा
५ डिसेंबर २०२४

चि. प्रमोदिनीस,
अ. उ. आ.

दात बसवून घेतला. गटात विचारणा झाली तेव्हा ऊस सोलताना तुटला असे सांगितले. घनश्यामला तू भेटली आहेस, त्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि रविवारी आम्ही त्याच्याच गाडीतून जातो. तो म्हणाला, सर, या वयात ऊस काऊन सोलून राह्यले, रस प्या ना. मी बरे म्हटले.

लोकांना सांगण्याबद्दल. माझ्यावर कोणी रागावणार नाही. ते सभ्य लोक आहेत. ते म्हणतील, सर, या रविवारी ऊन फार आहे, आराम करा. पुढच्या रविवारी चढण फार असेल. मग विचारायचे थांबतील, आणि त्यात कोणाची चूक नसेल. निवृत्तीनंतर कॉलेजचे फोन असेच थांबले. तुझी वहिनी गेल्यापासून आठवड्याचे सहा दिवस मी कसेही काढतो. सातवा मला हवा आहे.

प्रशिक्षणाचे म्हणणे मात्र पटले. टेकडीवर पाय मोडू शकतो, साप निघू शकतो, आणि आमच्याकडे आयोडेक्सच्या डबीपलीकडे काही नाही. रत्नदीपला फोन केला आहे. जानेवारीत करू म्हणाला.

ईरा बरी आहे. बँकेतून उशिरा येते. तिला फक्त वरणभात येतो, तो ती चांगला करते.

लक्ष्मणरावांना सांग, दाताबद्दल माझ्या मनात काही नाही. चमचा स्वच्छ होता.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
दादा


वर्धा
१४ जानेवारी २०२५

चि. प्रमोदिनीस,
अ. उ. आ.

तुझी मधली दोन्ही पत्रे मिळाली. उत्तर एकदमच देतो.

परवाच्या रविवारी प्रशिक्षण झाले. शाळेचा हॉल मिळाला. गटातले सगळे आले. रत्नदीपने एक रबरी धड आणले होते, त्याच्या छातीवर दाबून श्वास आणि हृदय चालू ठेवायला शिकवले. शौनक त्यात सगळ्यांत पुढे होता. तो इंजिनिअरिंगला शिकवतो, त्यामुळे किती खोल आणि कोणत्या कोनात हे त्याने आधी विचारून घेतले. वेदश्रीने घनश्यामचा हात मोडला आहे असे समजून तो असा बांधला की त्याला खिशातला वाजणारा फोन काढता येईना. घनश्याम म्हणाला, हात मोडल्यावर दुखत नसन येवढं बांधल्यावर दुखते.

साप चावल्यावर कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, माणसाला हलू द्यायचे नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. उन्हाचा झटका, रक्तस्राव, मोडलेले हाड, काठ्या आणि शर्टांचा स्ट्रेचर. सगळे करून पाहिले. मला वाटले त्यापेक्षा लोक मनापासून शिकले. घरी जाताना कोणी मोबाइल पाहत नव्हते.

एक सांगायचे राहिले. दिवस एकच होता. आदल्या संध्याकाळी रत्नदीपने विषय वाचून दाखवले आणि एखादा कमी करावा लागेल म्हणाला. मी फिटचा कमी करायला सांगितला. तो म्हणाला, सर, इतर विषयांपेक्षा हाच जास्त उपयोगी पडतो. मी म्हटले, आमच्यात तसे कोणी नाही.

हे तुला कळवण्याची गरज नव्हती. पण तू विचारणार, आणि तुझ्याशी मी खोटे बोलत नाही.

तीळगूळ ईराबरोबर पाठवला आहे. तो खा आणि या वेळी गोड बोलायचा आग्रह धरत नाही.

तुझा,
दादा


वर्धा
६ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर सांगून झाले आहे, तरी तू म्हणालीस म्हणून सगळे एकदा लिहिते. मामांना काही आठवत नाही. त्यांनी विचारले की जो तो त्यांना सोसेल एवढेच सांगतो. मी काही सौम्य केलेले नाही. याची एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.

रविवारी आम्ही आष्टीच्या पुढच्या टेकडीवर होतो. मामा नेहमीसारखे पुढे. वर सपाटी लागते तिथे ते थांबले. मला वाटले पक्षी दिसला. त्यांची मान एका बाजूला वळली, आणि ते उभे होते तसे मागे पडले. अंग ताठ झाले, ओठ निळे झाले, मग हातपाय झटकू लागले.

शौनक सर सगळ्यांत आधी पोचले. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला. उत्तर आले नाही. ते म्हणाले, हार्ट अटॅक आहे, आणि छाती दाबायला लागले. वेदश्रीताई म्हणाली, श्वास चालू आहे. ते म्हणाले, हृदय बंद पडल्यावरही अशी घरघर असते, आपल्याला सांगितले आहे. तसे खरेच सांगितले होते. घनश्यामकाकांनी बूट काढून मामांच्या नाकाशी धरला होता. म्हणत होते, आमच्याकडं असंच करतेत, मानूस उठते. मी मामांचे पाय दाबून धरले होते आणि रडत होते.

कोणी घाबरून पळाले नाही, हे मला लिहून ठेवायचे आहे. ज्याला जे येत होते ते त्याने नीट केले.

मामा कण्हले आणि त्यांनी हाताने सरांना ढकलले, तेव्हा दाबणे थांबले. सर आपल्या हातांकडे बघत बसले. आतून काही मोडल्याचा आवाज त्यांना आधीच आला होता, तरी ते थांबले नव्हते, कारण तसा आवाज आला तरी थांबू नका असेही शिकवले होते. मग काठ्या आणि शर्टांचा स्ट्रेचर करून मामांना खाली आणले. स्ट्रेचर चांगला झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारले, यांना फिट कधीपासून येते. मी म्हटले, येत नाही. वर असेही म्हटले की मी त्यांच्याच घरी राहते. मामा खाटेवरून म्हणाले, नोव्हेंबरपासून.

एका बरगडीला तडा गेला आहे. हृदय चांगले आहे. फिट दोन मिनिटांत थांबली असती, कोणी काही केले नसते तरी. कुशीवर वळवून बसून राहायचे होते, असे डॉक्टर म्हणाले.

आई, तुला माहीत होते. दर शनिवारी तू मला फोन करून टोपी घे, पाणी घे असे सांगत होतीस.

मामांची काळजी घेते आहे. तुझ्यावर रागावले आहे. सध्या दोन्ही चालेल.

तुझीच,
ईरा


हिंगणघाट
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ईराचे पत्र तू वाचले असशील. माझ्याशी ती कामापुरते बोलते. तिचे बरोबर आहे. मी माझ्या भावाला दिलेला शब्द पाळला आणि माझ्या मुलीला त्या टेकडीवर काहीही न सांगता पाठवत राहिले. शब्द पाळण्यात काही मोठे आहे असे आता वाटत नाही. तुला दिलेला तो शब्द मी परत घेतला आहे.

यांना मात्र थोडे हायसे वाटते आहे. तुला मोडणारे ते एकटेच होते, आता शौनकची सोबत झाली.

पण शौनकचे काय, ते तू मला कळव. ईरा म्हणते तो तुला भेटायला आलेला नाही आणि गटाच्या निरोपांना उत्तर देत नाही. लोक तुला बोलवायचे थांबतील याची तुला भीती होती. त्याआधी तोच यायचा थांबला आहे, आणि त्याने काय चूक केली ते मला सांग. त्याला एकच उपाय शिकवलेला होता. दुसरा तू काढून टाकलास.

मला यापेक्षा कडक लिहिता येते, पण तुला हसल्यावर बरगडी दुखते तशी वाचल्यावरही दुखेल.

गोळ्या वेळेवर घे. मला रागावलेली ठेवू नकोस.

तुझी,
प्रमोदिनी


वर्धा
३ मार्च २०२५

चि. प्रमोदिनीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑटो करून शौनककडे गेलो. त्याने चहा केला आणि माझ्याकडे न पाहता दिला. मी त्याला सांगितले की त्याचे दाबणे बरोबर होते, खोली आणि कोन दोन्ही. रुग्ण वेगळा होता, आणि तो वेगळा आहे हे फक्त रुग्णाला माहीत होते. रत्नदीपला मी काय सांगितले होते तेही सांगितले. त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, सर, मी तुम्हाला मारून टाकलं असतं. मी म्हटले, तसे झाले असते तरी दोष माझ्याच नावावर लिहावा लागला असता, आणि लिहिणार कोण. तो हसला नाही. मी निघालो तेव्हा खाली ऑटोपर्यंत आला.

त्याच आठवड्यात सगळ्यांना घरी बोलावले आणि नोव्हेंबरपासूनचे सांगितले. ऊस सोलल्याचे खोटे होते हेही. घनश्याम म्हणाला, मंग मी लोकाइले तुमच्या उसाचं काऊन सांगत फिरलो. वेदश्रीने गोळ्यांच्या वेळा विचारल्या. बाकी कोणी फारसे काही विचारले नाही. ते गेल्यावर मला वाटले, सुरुवात अशीच होते. पुढचे दोन रविवार गट कुठेच गेला नाही. माझ्यासाठी गेला नाही की माझ्यामुळे, ते मी विचारले नाही.

काल रत्नदीपला परत बोलावले होते. तोच हॉल, विषय एकच. तुझी परीक्षेची ड्युटी होती म्हणून लक्ष्मणराव एकटे आले, ते तुला कळलेच असेल. त्यांनी आल्या आल्या चमच्याबद्दल विचारले. रत्नदीपने सांगितले की तोंडात काहीही घालायचे नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणीही नाही. लक्ष्मणराव म्हणाले, ते मला महागात पडून कळलं आहे. मी म्हटले, दात माझा होता.

रबरी धडाला हातपाय नाहीत, म्हणून रुग्ण व्हायला कोणी तरी हवे होते. मी सतरंजीवर आडवा झालो. डोळे मिटायला सांगितले, मिटले.

माझ्या बाबतीत हे आजवर दोनदा घडले आणि दोन्ही वेळा मी तिथे नव्हतो. काल होतो. डोक्याजवळची खुर्ची कोणी तरी उचलून दूर नेली. डोक्याखाली काही मऊ आले. चष्मा निघाला, गळ्याजवळचे बटण सुटले. शौनकचा आवाज अगदी जवळून आला, तो म्हणाला की वेळ मी बघतो. त्याचे हात आले नाहीत. लक्ष्मणराव मागून म्हणाले, पण दातखीळ बसली तर. ईरा म्हणाली, बाबा, बसू दे. मग मला दोघांनी मिळून कुशीवर वळवले, बरगडीची बाजू वर ठेवून. त्यानंतर कोणालाच काही करायचे नव्हते. सगळे माझ्याभोवती नुसते बसून राहिले. मला वाटले होते त्यापेक्षा जवळ बसले होते.

रत्नदीपने विचारले, आता पुढे काय. वेदश्री म्हणाली, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा परत आली तर थेट दवाखाना. तो म्हणाला, आणि थांबली तर. घनश्याम म्हणाला, सर उठेपर्यंत कोनी हालाचं नाई. उठले का त्याइले घेऊन निघू. रत्नदीपने विचारले, कुठे, घरी का. घनश्याम म्हणाला, ते सरलेच विचारू.

मी डोळे थोडे उशिरा उघडले.

काळजी थोडी कमी कर, माया आहे तेवढी असू दे.

तुझा,
दादा