मागच्या दाराचं वाक्य

अहो,

“‘मागचं दार बंद ठेवण्यात आलं होतं’ एवढंच लिही. कोणी, ते नको,” असं तुम्ही काल बजावलंत. शोकसभेचं भाषण मी तसंच लिहिलं, पण जपाला बसले तर नाम ओठांवर येईना. आता तुमच्या तोंडी ‘गोदामाच्या मागच्या दाराला कुलूप मी लावलं, म्हणून आपला हमाल आगीत अडकून गेला’ असं वाक्य घातलंय. ते वाचलंत तर नोकरी जाईल, नाही वाचलंत तर मला देवापुढे बसवणार नाही. दोन्हीकडून कोंडलेय बघा.

माझं सकाळचं मौन आहे, म्हणून उठवलं नाही. डबा भरलाय, सदऱ्याला इस्त्री केलीय. सभेत पहिल्या रांगेत शेजारी बसेन, असा हमालाच्या बायकोला शब्द दिलाय. तिला आणायला निघते.