बाभळीची खुंटी

बाबा,

आज माझ्याकडे एका हौशी माणसाची जुनी मोटार आली आहे. तिचा गिअरबॉक्स मी सकाळी एका दमात इंजिनाला बसवला. या वयातही हे काम माझ्याइतकं नेमकं कुणी करत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. आणि तरी हात पुसताना सेलूच्या कापसाच्या जिनिंगचं आवार डोळ्यांपुढे आलं.

निजामाचं राज्य, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. मी सिकंदराबादेहून मोटारींचं काम शिकून नुकताच परतलो होतो, आणि माझा रुबाब म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा. जिनिंगच्या मालकांची मोटार हे माझं पहिलं स्वतंत्र काम. क्लचची प्लेट बदलली खरी, पण उतरवलेला गिअरबॉक्स काही केल्या परत इंजिनाला भिडेना. चार हमाल तो उचलून धरताहेत, त्याचा दांडा प्लेटच्या भोकात शिरत नाही, बोटभर फट राहते ती राहतेच. शेवटी बोल्ट आवळून त्याला ओढायला निघालो, तर मालक म्हणाले, "मिस्त्री, तुटलाबिटला तर लढाईत दुसरा मिळायचा न्हाई. मग तुमी आन् मी, दोघंबी बैलगाडीनंच हिंडू."

तुम्ही तिथेच कापसाच्या गाडीचं चाक दुरुस्त करत होता. उठून आलात, वाकून बघितलंत. "बोल्टाला हात लावू नको. भोकासमोर भोक आल्याबिगर आख रिघतो का कधी? ती चकती खाली सरकलीय." मी चिडलो. म्हणालो, "बाबा, ही मोटार हाय, बैलगाडी न्हाई." तुम्ही वाद घातला नाहीत. दांड्याचा घेर दोऱ्यानं मोजलात आणि बाभळीचा तुकडा घेऊन वाकसानं तासायला बसलात. तासाभरात खुंटी तयार. मधे प्लेटच्या भोकाएवढी जाड, टोकाला बारीक, म्हणजे प्लेटमागच्या जड चाकाच्या भोकात बसेल अशी. मी प्लेट सैल केली, खुंटी घातली, प्लेट बरोबर मधोमध आली. तशीच आवळली, खुंटी काढली. हमालांनी गिअरबॉक्स उचलला आणि तो पहिल्याच रेट्याला आत गेला.

मालकांनी खुंटी हातात घेऊन विचारलं, "ही अक्कल कुणाची?"

मी म्हणालो, "सिकंदराबादेला असंच करतात."

तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता, वाकस पुसत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही आपल्या चाकाकडे गेलात. वालूरला घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, "पोरगं लय हुन्नर शिकून आलंय. मी बघायलोच व्हतो की."

मी भाकरी खात राहिलो, मान वर केली नाही. मला लाज वाटली होती, बाबा, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं. पुढे कित्येक मुलांना मी ती खुंटी करायला शिकवली, सिकंदराबादेचीच म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्ही होता तोवर लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं.