उलटा घातलेला कागद

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता त्यांना लांबचंही स्वच्छ दिसतं, त्यामुळे माझ्या चुकाही दुप्पट दिसतात. फोनवर मळ्याचं नाव काढलं की तू 'बरं, बरं' करून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. नक्की काय विचारायचंय ते माझं मलाच धड कळलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

झालं असं, की बाबांबरोबर मी चार दिवस दवाखान्यात होते. टोमॅटोच्या वाफ्यांवर मल्चिंगचा प्लॅस्टिकचा कागद अंथरून रोपं लावायचं काम कामावरच्या दोघी बायकांवर सोपवलं होतं. कागद तुझाच, तुझ्या वेळची उरलेली गुंडाळी. परत येऊन बघते तर सगळा मळा लखलखतोय. चंदेरी बाजू वर, काळी खाली! उलटा घातलात म्हणून मी दोघींवर तोंड सोडलं. त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. पण रोपं लागली होती, पुन्हा कोण उपटणार, म्हणून राहू दिलं. आणि आता दीड महिना झाला तरी पांढरी माशी जवळजवळ नाहीच. मावा शोधावा लागतो. पानं चुरगळलेली झाडं सबंध मळ्यात मिळून चार-पाच निघाली.

मी चक्रावले. रोपवाटिकेवाल्या काकांना विचारलं, तर ते हातातला चहा सांडेपर्यंत हसले. चंदेरी बाजू वरच हवी म्हणाले. तिच्यावरून उजेड वर उसळतो, उडत आलेल्या किडीला आभाळ कुठलं नि जमीन कुठली तेच कळत नाही, मग ती उतरायचं टाळते. झाडं मोठी होऊन कागद झाकेपर्यंत एवढी राखण पुरते, कारण खरा धोका कोवळ्या रोपांनाच. काळ्या बाजूचं काम खाली राहून तण दाबायचं. घरी येईपर्यंत माझीही त्या माशीसारखी गत झाली होती.

कारण दोन वर्षांपूर्वी तो कागद मी अंथरला होता. तू आठवडाभर प्रशिक्षणाला गेला होतास आणि मी नुकतीच दोन बॅगा घेऊन सासरहून कायमची परत आले होते. बाबा माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हते. वाटलं, निदान एवढं तरी करून दाखवावं. माझी सवय तुला ठाऊकच आहे. टेबलावरचं मेणकापडसुद्धा मी नक्षी खाली करून घालते आणि पाहुणे आले की उलटते. चांगली बाजू उन्हाधुळीने खराब कशाला करायची, म्हणून चकचकीत बाजू खाली घातली, भोकं पाडली आणि रोपंही लावून टाकली.

तू आलास, बांधावर बराच वेळ उभा राहिलास आणि कागद छान ताणलायस एवढंच म्हणालास. मी दिवसभर खूश होते. पुढे माशी आली, पानं आकसली, मळा बसला. कागदाची कल्पना तुझी, म्हणून बाबा सगळ्यांदेखत तुला पुस्तकी शेतकरी म्हणाले. तू खाली मान घालून 'चुकलं माझं' म्हणालास आणि महिन्याभरात शीतगृहातली नोकरी धरलीस. वर मी म्हणाले, मी सांगतच होते. काय सांगत होते रे मी? मला काय कळत होतं?

तुला दिसलं होतं ना? काळा कागद न दिसायला तू काही आंधळा नाहीस. मग बोलला का नाहीस? मी दोन दिवस रुसले असते, रडले असते, बस. की त्या दिवसांत बाबांपुढे माझी आणखी एक चूक नको, असं तुला वाटलं? मला तुझा राग येतोय, आणि तुला जवळ घ्यावंसंही वाटतंय. यातलं खरं काय, ते तूच सांग.

सोमवारी बाबा मळा माझ्या एकटीच्या नावावर करणार आहेत. तुझ्या हाती दिला तर पुन्हा प्रयोग करशील म्हणतात. खरं सांगायला मी तीनदा त्यांच्यासमोर गेले आणि तिन्ही वेळा पाणी हवंय का विचारून परत आले. तोंडाने जमत नाही, हातात काहीतरी धरलेलं लागेल. म्हणून हे सगळं लिहून काढलं. आज दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावरच पाकीट चिकटवणार. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल, तर बाबांना सगळं कळलेलं आहे. आता तरी ये.

तुझीच,
ताई